फळीचं दुसरं टोक

अमरावतीच्या कॅम्पात नगरपालिकेनं लहान मुलांसाठी बाग उघडली, तेव्हा गावात तिचं भारी कौतुक झालं. लोखंडी झोके, सिमेंटची घसरगुंडी, कर्दळीचे वाफे आणि मधोमध कारंजं. हे कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं तेवढंच. एका कोपऱ्यात कडुनिंबाखाली वरखाली होणारी लांब सागवानी फळी होती, तिच्या दोन्ही टोकांना बसायची जागा आणि धरायला लोखंडी कडी. फाटकावर पाटी होती : बाग सर्वांसाठी खुली आहे.

पाटी खोटी नव्हती. पंचफुला या बागेत रोजंदारीवर वाफ्यांना पाणी घालायची आणि तिची सात वर्षांची सुजाता शाळा सुटली की थेट तिथं यायची. घर फ्रेजरपुऱ्यात. पोरगी नागपूरच्या धम्मदीक्षेच्या पुढल्या वर्षी जन्मलेली, म्हणून बापानं हौसेनं हे नवं नाव ठेवलेलं. बागेत तिला कोणी कधी हटकलं नाही. फक्त फळीच्या एका टोकाला ती बसली, की दुसऱ्या टोकावरच्या लेकराला बाकावरून हाक यायची, "चल रे, उशीर झाला." आणि उशीर झालेली ती मंडळी मग दिवेलागणीपर्यंत फुटाणे खात तिथंच बसून राहायची.

झोका एकट्याला घेता येतो, घसरगुंडीही. फळीला मात्र समोर कोणीतरी लागतं, आणि सुजाताचा जीव नेमका फळीवर. नत्थुजी माळ्याची पाठ वळली की पंचफुला झारी खाली ठेवायची आणि रिकामं टोक हातानं दाबायची, सोडायची. पोरगी हसायची, पण माय ती माय, सवंगडी नव्हे. एकदा तरी कोणाचं लेकरू हिच्यासमोर बसावं, एवढंच पंचफुलाला हवं होतं.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी ती हौदावर झारी बुडवत असताना फळीची करकर ऐकू आली. चांगली लयीत, थांबून थांबून. सुजाता खिदळत होती. आलं बाई कोणीतरी! पंचफुलाला इतका आनंद झाला, की झारी भरून वाहू लागली तरी तिला कळलं नाही. हात पुसत तिनं निंबाकडे पाहिलं.

सुजाता वर होती, पाय लोंबकळत. दुसरं टोक जमिनीला टेकलं होतं आणि त्यावर कोणी नव्हतं.

मग कोणी पायानं रेटा द्यावा तसं ते टोक सावकाश उचललं गेलं आणि सुजाता खाली आली.

"कोनासंगं खेळून राहिली वं?" पंचफुलानं जवळ जाऊन विचारलं.

"हे काय, समोर हाय ना."

"समोर तं कोनीच नाही!"

"तुले दिसत नसन." पोरीनं खांदे उडवले. "नाव सांगत नाही ते. पन उठून जात नाही, माय."

पंचफुला काही भोळीभाबडी बाई नव्हती. अंगारे-धुपारे, उतारे, सगळं घरातून कधीच बाहेर टाकलेलं. तिनं नत्थुजीला बोलावून आणलं. त्यानं फळीच्या मधल्या बोल्टला वंगण दिलं, टोक दाबून सोडलं. फळी डुलली, डुलली आणि आडवी थांबली.

"पाह्य, कशी तराजूवानी उभी हाय," तो म्हणाला. "पोरगी पायानं रेटत असन. काहून जिवाले घोर लावून घेतं?"

तिनंही तेच मनाशी घोकलं. पण घोकून डोळे थोडेच मिटतात? रोज ती वाफ्यातून बघत राहिली. सुरुवातीला समोरचं टोक हलकं होतं, चिमुरड्या पोराइतकं. पुढं ते सुजाताच्या तोलाचं झालं. त्याहीपुढं सुजाता वर गेली, की बराच वेळ वरच राहू लागली.

मग एके दिवशी ती वरून रडवेल्या आवाजात ओरडली, "माय, आता मले उतरू देत नाही ते!"

पंचफुला धावली. पोरीच्या बाजूनं तिनं फळीवर अंगाचा सगळा भार टाकला. फळी तसूभरही हलली नाही. जणू समोर ज्वारीची पोती रचली होती. शेवटी तिनं पोरीला उचलून घेतलं, तरी रिकामी फळी तशीच तिरपी राहिली. मायलेकी बघत होत्या. थोड्या वेळानं ती हळूच सरळ झाली. धीर करून पंचफुलानं पलीकडच्या जागेवर हात ठेवला. निंबाच्या गर्द सावलीतलं ते लाकूड ऊबदार होतं, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखं.

फळीकडे फिरकायचं नाही, असं तिनं लेकीला बजावलं.

त्याच आठवड्यात सिंधूताई पहिल्यांदा बागेत आल्या. यजमान वकील, नुकतेच अकोल्याहून इकडे बिऱ्हाड हलवलेले. त्यांची अनुपमा सुजाताच्याच वयाची, गुलाबी फ्रॉक, तोंडाची टकळी चालू. आल्या आल्या तिनं हौदाजवळ बसलेल्या सुजाताचा हात धरला.

"चल ना, फळीवर बसू."

बाकावरच्या एका बाईनं सिंधूताईंच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. पंचफुलानं मान खाली घातली. हे तिच्या ओळखीचं होतं.

"असेना का!" सिंधूताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "खेळू दे की. काय बिघडतंय?"

पंचफुलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्याची वाट पाहून ती थकली होती, ते आज आपल्या पायांनी चालत आलं होतं. त्या पाण्यात तिची भीती पार वाहून गेली. खरंखुरं लेकरू समोर बसल्यावर दुसऱ्या कशाला जागाच कुठं उरते?

अनुपमानं खालचं टोक धरून बैठक मारली. सुजाता मात्र मागं सरत होती.

"नको, माय. तिले उठव. तिथं ते बसली हाय."

"लाजते काय वं? इतकी चांगली पोरगी बोलावून राहिली तुले!" पंचफुलानं लेकीला उचललं आणि स्वतःच्या हातानं वरच्या टोकावर बसवलं.

अनुपमानं पायानं रेटा दिला. फळी हलली नाही. तिनं हसत पुन्हा जोर लावला. मग तिचं हसू थांबलं. ती एकदम ताठ बसली.

"आई," ती म्हणाली, "मी कोणाच्या मांडीवर बसलेय?"

"काहीतरीच!" सिंधूताई हसल्या.

पंचफुलाला हसता आलं नाही. अनुपमाच्या कमरेपाशी गुलाबी फ्रॉक दोन्ही बाजूंनी चुरगळत होता. कोणीतरी मागून मिठी घालावी, तसा.

"आई, सोडायला सांग ना."

सिंधूताईंनी तिला दंडाला धरून ओढलं. ती येईना. दुसऱ्यांदा ओढलं. येईना. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

तिसऱ्यांदा ती अलगद आली.

त्याच क्षणी सुजाताचं टोक धाडकन खाली आदळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच फळी फळीसारखी वागली. पंचफुलानं झडप घालून पोरीला छातीशी धरलं. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. सिंधूताई कोणाकडे न बघता लेकीला घेऊन फाटकाकडे पळत सुटल्या.

"ते गेली, माय," सुजाता हुंदके देत म्हणाली. "आता मह्यासंगं कोन खेळन?"

"कुठं गेली?"

पोरीनं फाटकाकडे बोट केलं.

हाक मारावी, त्या माउलीला थांबवावं, म्हणून पंचफुलानं तोंडही उघडलं. पण हाक फुटली नाही. आपली सुटली, हे सुख तिच्या गळ्यात येऊन बसलं होतं आणि त्या सुखाची तिला भयंकर शरम वाटली.

फाटकाबाहेर मायलेकी सायकलरिक्षात बसल्या. टप खाली केलेला होता, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. सिंधूताई एका कडेला, अनुपमा पार दुसऱ्या कडेला, अंग चोरून. रिक्षावाल्यानं पायडलवर उभं राहून जोर लावला. रिक्षा जागची हलेना. तो खाली उतरला, मागं वळून त्यानं सीटकडे एकदा नीट बघितलं आणि त्या सपाट रस्त्यावर हँडल धरून, पुढं वाकून, रिक्षा ओढू लागला.