ओसरीवरचा पिवळा बल्ब

मोबाईल खिशात घाला आधी सगळ्यांनी. टॉर्च बंद कर बे शेखर, सोयाबीनची गंजी काही पळून जात नाही. राखणीला आलो आहोत, रील बघायला नाही. गोष्ट पाहिजे ना? मग ऐका. आणि ही कुठूनतरी ऐकलेली नाही. माझा धाकटा साडू पुंजाजी, त्याच्या घरात घडलेली आहे. त्याचा पोरगा देवानंद मला सांगता सांगता रडला होता, आणि तो काही रडणारा गडी नाही.

डोणगावच्या अलीकडे फाट्यावरून आत जे गाव लागतं, तिथं त्यांचं घर. गल्लीच्या शेवटाला. पुढं ओसरी, आणि ओसरीसमोरून गल्ली जी जाते ती थेट शेतात. भूतबित मानणारं घर नव्हतं ते. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि पुंजाजी तर अमावस्येला मुद्दाम रात्रीचा शेतात जायचा, सकाळी येऊन लोकांची टर उडवायचा.

पण त्या घरात एक रीत होती. ओसरीवर पिवळा बल्ब होता, साठचा. दिवस मावळला की तो लावायचा, आणि रात्री घरातलं जे माणूस सगळ्यात शेवटी परत येईल त्यानंच तो बंद करायचा. दुसऱ्या कुणी बटणाला हात लावायचा नाही. बल्ब चालू असला तर समजायचं, कुणीतरी अजून बाहेर आहे. बंद दिसला, की सगळे आले. पुंजाजीची बायको जनकाबाई अंथरुणावर पडून कान देऊन असायची. बहुतेक वेळा शेवटी यायचा तो पुंजाजीच. बाहेर टक् वाजायचं, मग त्याचा खोकला, मग दारातून, "निज आता जनका." की बाई कूस बदलून घोरायला मोकळी. बटणही त्यानं स्वतःच बसवलं होतं, चांगलं उंचावर. देवानंद लहान होता, त्यानं चालू-बंदचा खेळ करू नये म्हणून.

एका हिवाळ्यात पुंजाजी रात्री गव्हाला पाणी द्यायला गेला. मोटारीची लाईट तेव्हाही रात्रीचीच यायची, आता तरी कुठं सुधारली म्हणा. सकाळी लोक गेले तर मोटार चालूच होती. गहू पाण्यात बुडाला होता. बांधावर त्याची बॅटरी पडली होती. माणूस नव्हता. विहीर उपसली, नाला पाहिला, पोलीस येऊन गेले. काही सापडलं नाही. आजपर्यंत नाही.

तेव्हापासून तो बल्ब बंद झाला नाही. दिवसाढवळ्यासुद्धा जळत राहायचा. उडाला, तर जनकाबाई आधी कंदील लावून ओसरीवर ठेवायची आणि मगच नवा बसवायची. लाईट गेली तरी कंदील. तिला सगळ्यांनी समजावलं, मीही समजावलं. म्हणायची, "भाऊजी, त्याइले यायचं हाये अजून. मी कशी बंद करू?" मी चहा पिऊन परत यायचो.

आता देवानंद मेहकरला इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला. आईला पिवळे बल्ब तोच आणून द्यायचा. पण हळूहळू तो माल यायचाच बंद झाला. जिकडं तिकडं एलईडी. गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांवर पांढरे बल्ब लागले, लोकांना विजेची बचत पटली होती, आणि खोटं काय होतं त्यात? जनकाबाईजवळचा साठाही संपला. ओसरीवर जळत होता तो शेवटचा, आणि तोही मिचमिचायला लागला होता.

तारीख सांगतो. दोन हजार तेवीस सालचा डिसेंबर, बारा तारीख, मंगळवार. अमावस्या होती, पण ते देवानंदच्या ध्यानातही नव्हतं. बायको योगिनी नांदुऱ्याला माहेरी गेलेली. तो संध्याकाळी एलईडीचे खोके घेऊन घरी आला, तेव्हा जनकाबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलायला गेली होती. त्याला वाटलं, ती येईस्तोवर उरकून टाकू, म्हणजे कटकट नको. कंदील लावायचं त्याला सुचलंच नाही. बल्ब काढायचा म्हणून त्यानं सवयीनं आधी बटण बंद केलं. टक्.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती ओसरी काळोखी झाली.

बल्ब तापलेला होता. दुपट्ट्यात धरून काढताना हातातून सटकला आणि भिंतीवर आपटला. काच वाचली. त्यानं नवा बसवला, बटण दाबलं, ओसरी पांढरीफेक झाली. बरं वाटलं त्याला. इतका लख्ख उजेड, शेतातूनसुद्धा दिसेल.

तेवढ्यात त्याला जनकाबाई येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात शेंगांची पिशवी. ती आली, आणि घरासमोरून सरळ पुढं निघून गेली. शेताच्या तोंडापर्यंत गेली, थांबली, वळली. देवानंद ओरडला, "माय, कुठं जाऊन राह्यली?" ती हळूहळू परत आली. बल्बाकडं पाहत पायरीखालीच उभी राहिली.

"हे आपलं घर हाये?"

"मंग कोनाचं हाये?"

"सारखीच दिसतात रे सगळी," ती म्हणाली. "चाळीस वर्षं राह्यली मी इथं, अन् मलेच घर सापडलं नाई. मंग त्याइले कसं सापडीन, देवा?"

त्यानं जुना बल्ब कानाशी धरून हलवला. आतली तार तुटून किणकिणत होती. तुम्ही पोरांनी केलं नसेल हे, पण आम्ही सगळ्यांनी केलेलं आहे. बल्ब हळूहळू फिरवायचा, तुटलेलं टोक दुसऱ्या टोकावर टेकवायचं, टेकलं की लाईट दिल्यावर ते चिकटतं आणि बल्ब आणखी काही दिवस चालतो. देवानंद कितीतरी वेळ फिरवत बसला. टोक टेकायचं आणि सुटायचं. शेवटी म्हणाला, "नांदुऱ्याले सासऱ्याइच्या ओळखीचं जुनं दुकान हाये. तिथं असनच पिवळा. उद्या आनतो. एका रातीनं काय होते माय?"

जनकाबाई जेवली नाही. ओसरीचं दार आतून लावून दोघं आडवी झाली. दाराखालच्या फटीतून पांढऱ्या उजेडाची पट्टी आत येत होती, आणि ती त्या पट्टीकडं तोंड करून पडली होती.

मध्यरात्र उलटून गेली असेल. देवानंदला जाग आली ती आवाजानं. ओसरीच्या फरशीवरून काहीतरी लोखंडी ओढत होतं कुणी.

खर्रर्र... थांबलं.

पुन्हा खर्रर्र...

कुत्रं असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मग तेही बंद झालं.

आणि...

टक्.

दाराखालची पट्टी गेली.

अंधारात जनकाबाई उठून बसली. तिचा आवाज देवानंदनं इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता. नव्या नवरीसारखा झाला होता तो. "आले," ती म्हणाली. "देवा, आले रे तुहे बाबा!"

दोघं कान देऊन बसली. आता खोकला येईल. आता "निज आता जनका" येईल.

काहीच आलं नाही.

जनकाबाईचा हात देवानंदच्या मनगटावर आला. थंडगार हात. दाराबाहेर कुणीतरी श्वास घेत होतं. जवळ. अगदी खाली, कडीच्याही खाली.

"हे ते नाईत," ती कुजबुजली.

मग दाराला टेकून कुणीतरी बसलं. फळी करकरली. आणि फटीतून आवाज आला. बारीक. दमलेला.

"माय... आली मी... निज आता."

पोरांनो, जनकाबाईला मुलगी कधी नव्हतीच. देवानंद एकुलता.

देवानंदचं कामच इलेक्ट्रिकचं. जुन्या वायरिंगवर एलईडी बंद केला तरी पुसटसा उजेड धरून राहतो, हे तो गिऱ्हाइकांना रोज समजावायचा. तसलाच मेलेला उजेड आता फटीत होता. त्या उजेडात, फटीच्या मधोमध, एक सावली बसलेली. हलत नव्हती. रोज तिथंच बसत असावी, इतकी शांत होती ती.

आणि तेव्हाच गल्लीत खोकला ऐकू आला.

लांबून. गल्लीच्या वरच्या, गावाकडच्या तोंडाकडून.

दोघांनीही ओळखला. चुकायची सोयच नव्हती. तोच. दोनदा खोकून घसा साफ करायचा, तसाच.

"देवा, दार उघड."

तो उठला. कडीवर हात ठेवला. पलीकडून दाराला भार होता, लेकराच्या पाठीएवढा. त्याचे हात चालेनात.

"देवा... लाईट लाव रे. त्याइले वाटीन सगळे आले घरात..."

बटण बाहेर होतं. दाराच्या पलीकडं.

खोकला जवळ आला. ओसरीसमोर आला.

थांबला.

जनकाबाईनं हाक मारायला तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. देवानंदनं "बाबा" म्हणायचं ठरवलं, आणि ओठ हलले, एवढंच. बाहेर, पायरीशी, कुणीतरी उभं होतं. बंद बल्बाकडं बघत असणार. हिशेब सोपा होता... बल्ब बंद. म्हणजे सगळे घरी. म्हणजे या घराला आता कुणाची वाट बघायची नाही.

मग पावलं वाजली. पुढं. शेताकडं. खोकला लांब गेला... आणखी लांब... मग नुसते रातकिडे.

माय-लेक उजाडेस्तोवर दाराच्या आतच राहिले. देवानंद मला म्हणाला, "मावसाजी, मले एवढंच करायचं होतं, दार उघडायचं. तेवढंही झालं नाई माह्या हातानं." आणि तो रडला, ते तिथं.

उजाडल्यावर त्यानं दार उघडलं. ओसरीवर कुणी नव्हतं. गल्लीत विचारलं, गावात विचारलं, कुणाचं लेकरू हरवलेलं नव्हतं, कधी हरवल्याचं कुणाला आठवतही नव्हतं. त्याच दिवशी तो नांदुऱ्याला गेला, जुन्या दुकानातून पिवळे बल्ब मिळाले तेवढे घेऊन आला, आणि अंधार पडायच्या आत ओसरीवर पिवळा उजेड केला. जनकाबाई रात्रभर पायरीवर बसून राहिली. खोकला आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. ती बाई आता एकदम म्हातारी दिसते, मला बघवत नाही तिच्याकडं.

बल्ब रोज लागतो. आणि रोज, तिचा डोळा लागला की कधीतरी, टक्.

त्या सकाळी दार उघडल्यावर देवानंदला एकच गोष्ट दिसली होती. माती वाहायचं लोखंडी घमेलं, जे घरामागं पडलेलं असायचं, ते ओसरीवर आलं होतं. भिंतीशी नीट उपडं ठेवलेलं, बरोबर त्या उंचावरच्या बटणाखाली. त्यानं ते उचलून मागं नेऊन टाकलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यानं उचललं, तेव्हा जनकाबाईनं त्याचा हात धरला.

"राहू दे देवा," ती म्हणाली. "हात पुरत नाई तिचा."