चिचुंद्रीचं चिलखत

भरदुपारी एक लांडगा मायाप्पा धनगराच्या कळपापाशी आला, त्यानं एका मेंढीला हुंगलं आणि शिंकत आल्या पावली परत गेला. कुत्री जागची हललीसुद्धा नाहीत. माणदेशाच्या त्या माळावर याचं आता कुणाला नवल राहिलं नव्हतं.

ही करामत डॉ. मालविका टिळेकरची. चिचुंद्रीच्या वाटेला मांजरही सहसा जात नाही. तिच्या अंगाचा उग्र दर्प हेच तिचं चिलखत. तोच दर्प बनवणारे जिवाणू मालविकानं प्रयोगशाळेत घडवले. मेंढीच्या पाठीवर एकदा फवारले, की ते कातडीवर कायमचं बिऱ्हाड थाटत. लांडग्यांनी मेंढ्या नेणं थांबलं होतं आणि मालविकाचे सत्कार काही थांबत नव्हते.

आज मात्र मायाप्पाच्या बायकोनं, सोजरनं, तिला तातडीनं बोलावून घेतलं होतं.

"बघा ताई," सोजर म्हणाली. नुकतंच जन्मलेलं कोकरू आईला लुचायला गेलं. मेंढीनं त्याला हुंगलं आणि ढुशी मारून लोटून दिलं. "समद्याच असं करत्यात. आपलं कंचं, दुसरीचं कंचं, त्यास्नी कळंना. लई कोकरं मेली."

मेंढी कोकराला वासावरून ओळखते, हे मालविकाला पाठ होतं. पण चाचणीला तिनं नुसते मेंढे घेतले होते. गाभण मेंढ्या घेतल्या असत्या तर विणीच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तिला थांबायचं नव्हतं. घाई तिची आणि जीव गेले कोकरांचे. तिला स्वतःचीच शरम वाटली.

"चूक माझी आहे, सोजर. यावर उतारा शोधते मी. तोवर त्यांना बाटलीनं दूध पाजा."

"पाजतोय की." सोजर घुटमळली. मग पालात जाऊन तिनं आपली तान्ही लेक आणली. "पर हिच्या टाळूचा वास येईना झालाय, ताई. नुसती चिचुंद्री. जवळ घेतली की मळमळतं. पाठ करून निजते मी."

माणसाच्या कातडीवर ते जिवाणू जगत नाहीत, असं मालविकानं छातीठोकपणे सांगितलं होतं. ते तिनं तपासलं होतं मोठ्या माणसांच्या हातांवर. कोकरांच्या उबेत निजणारी तान्ही बाळं तिच्या ध्यानातच आली नव्हती.

तिनं बाळाला घेऊन टाळूला नाक लावलं. स्वतःला आवरत असतानाही तिची मान झटकन मागे गेली.

सोजरनं ते पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"तुमचीबी मान फिरली," ती म्हणाली. "मंग मी वाईट आई न्हाई न्हवं?"