जिग्मेतच्या सात वाट्या

लेहच्या बाजारात मी दुरुस्तीला दिलेला दिवा घ्यायला गेले होते. शेजारी एक उंच माणूस दुकानदाराला सांगत होता, "वज्र नको. नुसती घंटा द्या. दाराला टांगायचीय."

मला राहवलं नाही. "पूजेत ही जोडी असते. एकटी घंटा कोणी नेत नाही."

"का? एकटीला करमत नाही?"

"घंटा म्हणजे प्रज्ञा, वज्र म्हणजे करुणा. एकट्यानं कोणाचंच भागत नाही." घरोघरी देवघरं बसवून देणं हा माझा धंदा, त्यामुळे मी बोलायला कचरत नाही.

तो हसला. "मग घरी येऊन सांगा ना, काय कुठे ठेवायचं ते."

त्याचं नाव जिग्मेत. चंदीगडची नोकरी सोडून साबू गावातल्या आपल्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढत होता. मी गेले, तर देवासमोर पाणी भरायच्या सात पितळी वाट्या बैठकीत मांडलेल्या... आणि त्यांत जर्दाळू!

"हे कोणाचं डोकं?"

"माझंच." त्यानं एक जर्दाळू उचलला. "आई होती तोवर रोज पहाटे पाणी भरायची. रिकाम्या दिसल्या की तिची किटली आठवते. जर्दाळू भरले की... नाही आठवत."

मी जर्दाळू काढून ठेवले. वाट्या धुतल्या, देवघरात एका ओळीत मांडल्या आणि किटली त्याच्या हातात दिली. "दोन वाट्यांत जवाचा एक दाणा मावेल एवढं अंतर."

"चिकटल्या तर?"

"चिकटू द्यायच्या नाहीत."

"आणि माणसं?"

"माणसांना हा नियम नाही," मी म्हटलं खरं — पण कान तापले.

चौथ्या वाटीशी त्याच्या हातातली किटली कलंडली. पाणी सांडलं, डोळेही भरून आले. मी त्याच्या मनगटाला आधार दिला. उरलेल्या तीन आम्ही मिळून भरल्या.

काम दोन दिवसांचं होतं. मी अकरा दिवस गेले.

"चुस्कित, देवघर तर झालं," अकराव्या दिवशी तो म्हणाला. "आता उद्या काय निमित्त काढशील?"

"अकरा दिवस मीच काढतेय. आता तू काढ."

"मला... म्हणजे, तू इथंच राहावीस असं..."

"माझ्या आईला विचार. आणि तिच्यासाठी लोणी-मीठ घातलेला चहा स्वतः करून आण."

दुसऱ्या दिवशी तो थर्मास घेऊन आमच्या घरी आला. मी एक घोट घेतला आणि खाली ठेवला, इतकं मीठ होतं. आईनं मात्र अख्खा पेला शांतपणे संपवला, तोंड पुसलं आणि त्याला विचारलं, "लग्न हिवाळ्याआधी करायचं, की नंतर?"