तिसऱ्या नंबरचा फोन

ऑफिसात त्याला सगळे मीटरदादा म्हणत. समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही हेसुद्धा हा गडी मीटर लावून बघेल, अशी त्याची ख्याती होती. बावीस वर्षांत एकही काम त्याने अर्धवट सोडून दुसऱ्याच्या गळ्यात मारलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला थोडाफार माजही होता.

त्या दिवशी सकाळी अकराला तो कानाच्या दवाखान्यात पोचला. तिथल्या व्हॉइस राउटरला, म्हणजे इंटरनेटवरून येणारे कॉल साध्या टेलिफोनना पुरवणाऱ्या पेटीला, चार पोर्ट होते. पहिले दोन ठणठणीत. तिसरा आणि चौथा मुके.

“दोन दिवस झाले, दादा,” रिसेप्शनवरची मुलगी रडकुंडीला आली होती. “फोन लागत नाही म्हणून पेशंट इथे येऊन भांडतात. आणि त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मलाही ओरडून भांडावं लागतं.”

मीटरदादाने टेलिफोन बदलून पाहिला, वायर बदलली, लॅपटॉपवरून पोर्ट बंद करून पुन्हा चालू केला. अठ्ठेचाळीस व्होल्ट दिसायला हवे होते. मीटर शून्यावर ढिम्म. शेवटी तो राउटरमागे गुडघे टेकून बसला.

बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांचं कानातलं यंत्र आत सफाईला दिलेलं, त्यामुळे शेजारी ढोल वाजला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता. वाट बघून कंटाळल्या आणि त्यांनी तिसऱ्या नंबरचा रिसीव्हर उचलला.

“बोला,” त्या म्हणाल्या. “हो, आहे इथेच. खाली वाकलाय. शर्ट बाहेर आलाय.”

मीटरदादाने शर्ट आत खोचला आणि तो शिरा ताणून ओरडला, “बाई, तो फोन बंद आहे!”

बाईंनी त्याच्या फुगलेल्या शिरांकडे पाहिलं. “ओरडू नकोस. पलीकडचं ऐकू येत नाही.”

रिसेप्शनवरची मुलगी टेबलाखाली तोंड घालून हसली.

“तो म्हणतोय, वायरीत काय शोधतोस? पोर्टाच्या आत डावीकडची पिन वाकलीय.”

बाईंना पिन म्हणजे कागदाला टोचायची, एवढंच ठाऊक असणार. मीटरदादाने चिडून वायर उपटली आणि आत टॉर्च मारला.

केसाएवढी पिन. डावीकडची. वाकलेली.

त्याने चिठ्ठीवर लिहिलं, “कोण व्यक्ति आहे?” बाईंनी त्याच्याच पेनाने वेलांटी दीर्घ केली आणि चिठ्ठी परत दिली. “नाव सांगत नाही. पण तुला चांगला ओळखतो.”

चिमट्याने पिन सरळ करताना तो पुन्हा पुन्हा मागे वळून बाईंकडे बघत होता. टेलिफोनची सुटी वायर त्याच्या मांडीवर पडली होती. बाई बोलतच होत्या.

“छे, रागीट नाही. जरा घाबरट वाटतो. बरं, सांगते.”

त्याने वायर लावली. मीटर अठ्ठेचाळीसवर गेला.

“गेला की रे,” बाई म्हणाल्या. “काय केलंस?”

त्याने रिसीव्हर कानाला लावला. स्वच्छ, सरळ डायल टोन.

“जाताना म्हणाला, चौथा राहू दे. उद्या तुझ्या जागी येईल तो करेल.”

“माझ्या जागी कुणी येत नसतं,” मीटरदादा म्हणाला. ऐकलं फक्त त्या मुलीने, आणि ती हसली नाही.

चौथ्या पोर्टाशी तो दुपारी चारपर्यंत झटला. पिना सरळ, वायर नवी, तरी मीटर शून्य. आता राउटरच्या आतलं सर्किटचं कार्डच बदलावं लागणार होतं. त्याने तिसऱ्या नंबरवरून ऑफिसला फोन लावला.

“ताई, एक कार्ड काढून ठेवा. उद्या मी येऊन बसवतो.”

“उद्या दुसरा माणूस ठरवलाय ना, दादा. तुम्हीच सांगितलंत सकाळी.”

“मी? कधी?”

“साडेअकराला. याच नंबरवरून.”

साडेअकराला या फोनची वायर त्याच्या मांडीवर होती.

“मी विचारलंसुद्धा, का येणार नाही म्हणून,” ताई म्हणाल्या. “तर म्हणालात, घरी एवढ्यात कळवू नका.”