दमणुकीचा धनी

मैदानाच्या पायऱ्यांखालच्या श्रमांतरण कक्षात दस्तगीर मुजावर खाटेवर पडून दुसऱ्याची दमणूक अंगात घेत होता. दोन वर्षं त्याचं हेच काम. वर नागपूरचा मे तापला होता. राष्ट्रीय फुटबॉल चषकाच्या गटफेरीतला कोल्हापूरच्या सरनोबत तालमीचा तिसरा सामना मध्यंतराला बरोबरीत होता, आणि जिंकल्याशिवाय पुढची फेरी दिसणार नव्हती. सहा दिवसांत तीन सामने. कुठलं शरीर पुरणार?

त्यावर तोडगा निघाला होता. थकवा नाहीसा करता येत नाही, पण एका अंगातून दुसऱ्या अंगात हलवता येतो. शेजारच्या खाटेवर विश्वजित मंडलिक, संघाचा लाडका आघाडीवीर, मनगटाला पट्टा बांधून पडला होता. अकरा मिनिटांत तो ताजातवाना होऊन उठला आणि दस्तगीरकडे न बघताच गेला. इकडे दस्तगीरच्या पोटऱ्या शिशासारख्या जड झाल्या.

असे श्रमवाहक बाहेरून आणायचे नाहीत, ते संघातलेच हवेत, असा नियम होता. म्हणून यादीत दस्तगीरच्या नावापुढे 'बदली खेळाडू' लिहिलेलं असे. वय बत्तीस, आणि मैदानात एकदाही उतरलेला नाही. या चषकानंतर तालीम त्याला नारळ देणार होती. शेवटची पाच मिनिटं तरी खेळायला मिळावीत, एवढंच त्याला हवं होतं. पण ते मागायचाही आता त्याला कंटाळा आला होता.

"वस्ताद, हे आकडे बघा," डॉ. शाल्मली बोडस प्रशिक्षक घोरपड्यांना म्हणाल्या. "विश्वजितच्या मांड्या महिन्यागणिक रोडावताहेत."

"रोज पळतोय की त्यो."

"पळतो, पण दमत नाही. थकवा म्हणजे शरीराला गेलेला निरोप असतो. इथं झीज झाली आहे, इथं बळकटी आण. तो निरोप आपण दोन वर्षं दुसऱ्याच पत्त्यावर पाठवतो आहोत."

डॉक्टरांनी खाटेकडे पाहिलं. घोरपडे मात्र थांबले नाहीत, वर शिट्टी झाली होती.

सत्तराव्या मिनिटाला विश्वजित कुणाचा धक्काही न लागता कोसळला. मांडीचा स्नायू फाटला होता. उन्हानं आणि दुखापतींनी बाकावरची माणसं केव्हाच संपवली होती. यादीत एकच नाव उरलं होतं.

"पट्टा उलटा लावून ह्याला मोकळा करता येईल?" घोरपड्यांनी विचारलं.

"अकरा मिनिटं लागतील."

"राहू द्या," दस्तगीर बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला. "सरावाला रोज असाच पळतोय मी."

पहिली काही मिनिटं त्याचे हाल झाले. मग त्याच्या लक्षात आलं की तो धापा टाकतो आहे, पण मागे पडत नाही. मागे पडत होते ते समोरचे. त्यांच्याही पायऱ्यांखाली खाटा होत्याच. सामना संपत आला तसा त्यांच्या अंगात थकवा भरला, आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला एक लांब चेंडू आला. बचावपटू अर्ध्यात कमरेवर हात ठेवून थांबला. दस्तगीर थांबला नाही. गोल झाला तेव्हा त्याला सरळ रडू आलं.

सामना जिंकून तो कक्षात आला, तर विश्वजित मांडीला पट्टी बांधून खाटेवर बसला होता. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यानं मनगट पुढे केलं.

"दस्तगीरभाई," तो म्हणाला. दोन वर्षांत त्यानं 'भाई' पहिल्यांदाच लावलं होतं. "तुमची दमणूक द्या मला. पाय भरायचा तर तोच इलाज हाय म्हणत्यात."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून दस्तगीर दोन वर्षं वाट बघत होता. हाडन् हाड ठणकत होतं. डॉक्टरांनी पट्टा उघडून धरला. त्यानं हात पुढे नेला, आणि मग परत घेतला.

"उद्यापास्नं घे," तो म्हणाला. "आजची माझी हाय."

आणि बूट न काढताच तो खाटेवर आडवा झाला.