मैतूच्या नाचाची कॅसेट

आधी तो टीव्ही बंद करा. नुसता आवाज बारीक करून चालणार नाही, बटण बंद करा. हं. ओंकार, दाराला कडी घाल आणि ये इकडं. चादर घ्या अंगावर, थंडी आहे.

ही गोष्ट पुस्तकातली नाही, आणि कुणाच्या मावसभावाच्या मित्राचीही नाही. आमच्या पाठकसरांची आहे. यज्ञेश्वर पाठक. संगमनेरात माझ्याच शाळेत एकतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. माणूस असा, की पेपरात अर्धा मार्क जास्त पडला असेल तर मुलाला बोलावून घेऊन कापायचा. थापा मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटायचं. मला हे सांगत होते तेव्हा हातातला चहा तसाच राहिला होता, त्यावर साय धरली होती.

दोन हजार चोवीस साल, डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी साडेपाचला सरांनी स्कूटर काढली आणि कोल्हारला निघाले. काम साधं होतं. एक जुनी व्हिडिओ कॅसेट मच्छिंद्र शूटिंगवाल्याकडं न्यायची, पेनड्राइव्हवर भरून घ्यायची आणि परत यायचं.

कॅसेट त्यांच्या मुलीच्या नाचाची. मैत्रेयी तिचं नाव, घरात सगळे मैतू म्हणायचे. एकुलती एक. नव्व्याण्णवच्या जानेवारीत, दुसरीत असताना ती शाळेच्या गॅदरिंगला नाचली, आणि त्याचं शूटिंग या मच्छिंद्रनंच केलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात मेंदूज्वर झाला. तीन दिवसांत पोर गेली. फोटो होते चार-पाच, पण हसणारी, हलणारी मैतू त्या कॅसेटीशिवाय कुठंच नव्हती.

महिन्याभरानं मैतूची आई, आमच्या लीनावहिनी, म्हणाल्या, "अहो, कॅसेट लावता का? मला तिला बघायचंय." सर म्हणाले, "उद्या लावतो." दुसऱ्या दिवशी व्हीसीआर बंद पडला होता. तो बिघडला कसा? आदल्या रात्री वहिनी झोपल्यावर सरांनीच झाकण उघडून आतला पट्टा ब्लेडनं कापला होता.

का, ते सांगतो. त्या कॅसेटीत मैतू नव्हती.

नव्व्याण्णवच्याच जूनमधली गोष्ट, शाळा उघडायच्या आधीची. टीव्हीवर विश्वचषकातली भारत-पाकिस्तान मॅच. सरांना ती भरून ठेवायची होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. हाताला लागली ती नाचाची. तुम्ही कॅसेटी पाहिल्या नसतील. पाठीच्या बाजूला प्लास्टिकची एक चिप असायची. ती मोडली की कॅसेटीवर दुसरं काही भरता येत नसे. मच्छिंद्रनं ती मोडूनच दिली होती. पण त्या भोकावर कागद चिकटवला की मशीन फसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मैतू तिथंच जमिनीवर बसून नव्या वह्यांना कव्हरं घालत होती, लेबलांवर नाव-इयत्ता लिहीत होती. सरांनी तिच्या पुढ्यातलं एक लेबल उचललं, कात्रीनं तुकडा कापला आणि भोकावर चिकटवला.

पोरीनं विचारलं, "बाबा, ही माझ्या नाचाची ना?"

"पुढच्या गॅदरिंगला परत नाचशील की. मग परत काढू."

पुढचं गॅदरिंग जानेवारीत होतं. ती डिसेंबरात गेली.

सांगा, कुठल्या तोंडानं बायकोला सांगायचं? नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि काळानं त्यांना साथ दिली. व्हीसीआरचे पार्ट मिळेनासे झाले. सीडी आली. लोकांनी लग्नाच्या कॅसेटी सीडीवर करून घेतल्या, तेव्हा सर म्हणाले, "आपल्या कॅसेटीला बुरशी आलीय, लावली तर तुटेल." मग सीडीही गेली, पेनड्राइव्ह आले, मोबाईल आले. एकेक यंत्र भंगारात जायचं आणि सर सुटकेचा निःश्वास टाकायचे. इकडं वहिनींनी कॅसेट रेशमी खणात गुंडाळून कपाटात ठेवली होती. दर खंडेनवमीला पुस्तकं आणि विळी-कात्रीबरोबर तिचीही पूजा व्हायची. हळद-कुंकू, फूल. सर समोर बसून आरती म्हणायचे. पंचवीस वर्षं.

मग वहिनींना काचबिंदू झाला. कडेकडेनं अंधार आत सरकत आला. डॉक्टर म्हणाले, संक्रांतीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदा मैतूला बघते, मग जाऊ देत डोळे." दूध घालायला येणाऱ्या गोजरबाईनं सांगितलं की कोल्हारच्या मच्छिंद्रकडं चालू मशीन आहे. वहिनींनी तिच्याकडूनच नंबर घेतला, स्वतः फोन लावला आणि वेळ ठरवून टाकली. सरांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

तर त्या गुरुवारी सर निघाले. लोणीच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या मागं. कोल्हार आलं तेव्हा सात वाजले होते, अंधार पडला होता. सर गावात वळलेच नाहीत. आधी सरळ प्रवरेच्या पुलावर गेले. कॅसेट नदीत टाकायची आणि घरी सांगायचं, पडली. एवढंच डोक्यात होतं. त्यांनी खण सोडला आणि कठड्यावरून हात बाहेर काढला.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलात का हो?"

"पोचतोच आहे."

"गार वारं असेल ना... तिला नीट धरलंय ना?"

'तिला' म्हणाल्या. सरांनी हात मागं घेतला. पुलावरून ट्रक जात होते आणि हा पासष्टीचा माणूस कठड्याला टेकून पोरासारखा रडत होता.

मच्छिंद्रचं घर मळ्यात होतं. मागच्या खोलीत जुना डबा टीव्ही, मशीन, कॉम्प्युटर. त्यानं कॅसेट हातात घेतली, उलटी केली आणि बॅटरी मारली.

"सर, ही चिप मी सोताच्या हातानं मोडली हुती. ह्याच्यावर कागुद कुनी लावला?"

सरांनी सगळं सांगून टाकलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, तेही परक्या माणसाला. वर हात जोडले. "मच्छिंद्र, तू फक्त फोन करून सांग, बुरशी आलीय म्हणून. माझ्यासाठी एवढं कर. ती माझं तोंड बघणार नाही रे."

मच्छिंद्रनं बॅटरी बंद केली. मग म्हणाला, "बाई फोनवर काय म्हनल्या ठावं हाय? म्हनल्या, दादा, माज्याकडं दिवस कमी हायेत. मी न्हाई खोटं बोलनार, सर. लावून बघू. मॅच संपल्यावर शेवटाला काय उरलं असंल तर तेवढं तरी मिळंल. आमी लई येळा बघितलंय असं."

सरांना आशा वाटली. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

मच्छिंद्रनं पाकीट फोडून नवा पेनड्राइव्ह लावला. कॅसेट आत सरकवली. "जेवढी टेप तेवढा येळ लागतो. तीन तास. तुमी बसा, मला रातची लाईट हाय, मी मोटार चालू करून उसाला पानी लावून येतो." आणि तो गेला.

साडेसात. पडद्यावर मॅच. फिकट हिरवं मैदान, पाकिस्तानची बॅटिंग, कोपऱ्यात धावसंख्या.

साडेआठ. मॅच.

साडेनऊ वाजले तरी मॅचच होती. बाहेर मोटारीचा आवाज, लांब एक कुत्रं. सर डोळे फाडून बघत होते.

दहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटची विकेट पडली. पब्लिक ओरडलं. त्या ओरडण्यात आणखी काहीतरी होतं... बारीक. सरांनी आवाज वाढवला.

घुंगरू.

पब्लिकचा आवाज विरत गेला. घुंगरू तेवढं राहिलं... मग तेही थांबलं. पडदा काळा झाला. आणि हळूहळू एक खोली दिसायला लागली.

सरांनी ओळखली. त्यांचीच खोली, संगमनेरची. भिंतीवर जुनं कॅलेंडर, खाली पसरलेल्या वह्या. खाटेवर बनियन घातलेला एक माणूस. त्याच्या हातात कात्री.

त्यांच्या घरात कॅमेरा कधीच नव्हता. आणि हे सगळं दिसत होतं ते समोरून... जिथं टीव्ही ठेवलेला असायचा, तिथून.

मैतू वह्यांमधून उठली. तिनं त्या माणसाला काहीतरी विचारलं. आवाज नव्हता, पण सरांना तो लागतच नव्हता. माणूस काहीतरी बोलला. हसला. कॅसेट मशीनमध्ये घालून पुन्हा खाटेवर जाऊन बसला.

मैतू वळली.

पुढं आली. अजून पुढं. पडद्याच्या अगदी जवळ. आणि मांडी घालून बसली... समोर. सरांच्या समोर.

बघत राहिली.

मागचा माणूस उठून गेला. दिवा गेला. खोलीत अंधार. ती बसलेलीच. फक्त तोंडावर निळा उजेड. नाच कधी लागतो... वाट बघत होती.

"मैतू..."

ती बघत होती.

"मैतू, नाही गं आता त्यात... मी पुसला. बाळा, मी पुसला..."

तिनं मान थोडी कलती केली, ऐकू न आल्यासारखी.

दहा मिनिटं... वीस... सरांना उठवेना. नजर काढवेना. साडेदहाला खट्ट झालं. टेप संपली आणि मशीन आपोआप मागं फिरायला लागलं.

मच्छिंद्र चिखलाच्या पायांनी दारात आला. "घावलं का काय?"

सरांनी पडद्याकडं बोट केलं. मच्छिंद्रनं कॉम्प्युटरवर शेवटचा अर्धा तास लावून पाहिला. मग आधीचा. मग पुन्हा शेवटचा.

"मॅचच हाय, सर. विकेट पडली, त्याच्या फुडं निस्त्या मुंग्या."

पेनड्राइव्ह खिशात घालून सर निघाले. थंडीत बोटं वाकत नव्हती. वाटेत एकच ठरवलं, आज सांगायचं. तिनं घराबाहेर काढलं तरी चालेल, पण सांगायचं.

बाराला पाच-सात मिनिटं असताना घर आलं. वहिनी जाग्या होत्या. नवी साडी नेसल्या होत्या, टीव्हीपुढं पाट मांडला होता. दारातच हात पुढं केला. "द्या."

त्यांनी चाचपडत पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर मैदान आलं. हिरवं, फिकट.

"लीना, मला तुला काही..."

"शू."

"लीना, ऐक. ही ती..."

"अहो, बोलू नका ना. सुरू झालाय."

वहिनी पाटावर बसल्या होत्या, पडद्यापासून वीतभर अंतरावर. चेहरा हसत होता. डोळ्यांतून पाणी.

"निळा परकर... मी विसरलेच होते, मला हिरवा वाटत होता. अगंबाई, गिरकी चुकली! बघा, पायाकडं बघतेय. आता सावरेल. सावरलं..."

सर बघत होते. गोलंदाज धावत येत होता. फलंदाज चेंडू सोडून देत होता. कोपऱ्यात धावसंख्या. सरांनी डोळे चोळले, जवळ गेले, वाकून बघितलं. मॅच... नुसती मॅच.

"अहो, असे बाजूला काय उभे? इकडं या, समोर. कधीची शोधतेय तुम्हाला."

सर समोर आले. गुडघ्यावर बसले.

"हां," वहिनी म्हणाल्या. "आता हसली."

ते दोघं तसेच बसून होते. पाठकसर मला म्हणाले, "अरे, मला फक्त मैदान दिसत होतं. शेवटपर्यंत. मी इतका प्रयत्न केला..."

संक्रांतीच्या आधीच वहिनींची नजर पूर्ण गेली. सरांनी नंतर दोनदा कबुली द्यायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला दाखवलंत ना, बस झालं."

आता त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगतो आणि मग झोपा.

सातला मच्छिंद्रचा फोन आला. "सर, कॅसेट इथंच इसरली तुमी. पन एक इचारायचं हुतं. त्या भोकावरचा कागुद तुमी काढून नेला का? पार चिकटून बसल्याला हुता. आता न्हाई. समदी खोली झाडून बघितली."

"मी नाही काढला," सर म्हणाले.

फोन ठेवून ते टीव्हीकडं गेले. पेनड्राइव्ह रात्रीचा तसाच मागं लावलेला होता. ओढून काढला. नवाकोरा, आदल्या रात्री त्यांच्यादेखत पाकिटातून काढलेला.

त्यावर पिवळट कागदाचा एक तुकडा घट्ट चिकटला होता, कात्रीनं वेडावाकडा कापलेला. पेन्सिलीनं, लहान मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं... इयत्ता तिसरी.