दोन दारांच्या गाडीची मागची सीट

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझं काही जात नाही.

भुताच्या गोष्टीत अमावास्या लागते, पिंपळ लागतो, रात्रीचे बारा लागतात. इथं यातलं काहीच नाही. २००४ सालचा ऑगस्ट होता. कुंभमेळा होऊन वर्ष झालं होतं. रविवार होता आणि दुपारचे तीन वाजले होते. जागा इगतपुरीच्या पुढची, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंगल्याची.

माझं नाशिकला द्वारकेजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आमच्या धंद्यात थापाडे ढिगानं भेटतात. मीही काही कमी नाही! पण महेबूबमामूंनी थाप मारलेली मी उभ्या जन्मात ऐकली नाही. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला होता.

महेबूबमामू म्हणजे जुन्या गाड्यांचे डॉक्टर. नाशकात कोणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी मामूंना न्यायचं. त्यांनी मान हलवली तर सौदा, नाहीतर घरी परत.

त्यांची तपासायची पद्धतही न्यारी होती.

मालेगावच्या सरफराज उस्तादांकडे ते काम शिकले. उस्तादांचा एक नियम होता. परकी गाडी तपासण्याआधी तिची सगळी दारं उघडी टाकायची, डिकी उघडायची आणि लांब जाऊन एक चहा प्यायचा.

का?

"ती कोणाची, कुठून आली, आत काय घडलं, आपल्याला काय माहीत? आत कोणी असलंच, तर त्याला उतरायला वेळ द्यायचा," असं उस्ताद म्हणायचे.

पोरं हसायची. मामूही हसायचे. पण तीस वर्षांत त्यांनी हा चहा एकदाही चुकवला नाही.

दुसरी पद्धत म्हणजे, गाडी चालवून बघताना मामू पुढं कधीच बसायचे नाहीत. गिऱ्हाइकाला चालवायला लावायचं आणि आपण मागं डोळे मिटून बसायचं. "पुढं फक्त इंजिन ऐकू येतं. गाडीचं खरं दुखणं मागं बोलतं," असं त्यांचं म्हणणं.

तर त्या रविवारी मामूंना घेऊन गेला किशोर. लासलगावचा कांद्याचा व्यापारी, पस्तिशीचा, हौशी माणूस. कॉलेजपासून त्याला एकच वेड होतं, दोन दारांची स्पोर्ट्स कार. आणि इगतपुरीच्या बंगल्यात तशीच एक विकायला उभी आहे असं त्याला कळलं होतं. बायको सरिताचा विरोध होता. शेवटी ती म्हणाली, "मामूंनी हो म्हटलं तरच घ्यायची. माझी पोरगी त्यात बसणार आहे."

पोरगी म्हणजे रोशनी, सात वर्षांची. तीही जीपमधून बरोबर आली होती. नाशिक सोडल्यापासून तिचं एकच टुमणं, "मागची सीट माझी! मागची सीट माझी!"

बंगल्यावर राखणदार बुधा आणि त्याची बायको चिमणाबाई, दोघंच. मालक मुंबईला. धुकं इतकं दाट होतं की फाटकातून बंगला दिसत नव्हता.

बुधानं शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री ओढली.

लाल, बसकी, चकचकीत गाडी. किशोर तिच्याभोवती दोन चकरा मारून आला.

मामूंनी नेहमीसारखी दारं उघडली. दोनच होती. डिकी उघडली. मग सगळे बुधाच्या ओट्यावर जाऊन चहा प्यायले. चिमणाबाईनं रोशनीला भाजलेलं मक्याचं कणीस दिलं. गाडीकडे मात्र ती एकदाही बघत नव्हती.

चहा झाला. मामूंनी तपासायला घेतलं. रंग मूळचा. इंजिन घड्याळासारखं. तेल स्वच्छ. फक्त ड्रायव्हरच्या मागच्या सीटचा पट्टा सोडून त्याच्या कुलपात बोट घातलं, तेव्हा बोटाला राखाडी गाळ लागला.

बारीक, मऊ गाळ.

"बुधा, गाडी पाण्यात गेली होती का रे?"

"मला नाय माहीत, बाबा. मी राखण करतो फक्त," बुधा म्हणाला आणि ताडपत्रीची घडी घालायला लागला.

मामूंच्या मनात खुट्ट झालं. पण किशोरला कुठला धीर? तो चावी घेऊन बसलासुद्धा.

मामूंनी डाव्या बाजूची पुढची सीट पाडली आणि आत वाकून मागं शिरले. मागची जागा नावालाच होती. किशोरच्या मागं एक खोलगट सीट, तिच्या शेजारी मामूंची एक. रोशनीनं बाहेरून पुढची सीट उभी केली आणि दार लावलं.

खट्ट...

तेव्हाच मामूंना कसंतरी झालं. समोर सीटची पाठ. डावीकडे न उघडणारी काच. छत डोक्याला टेकलेलं. दाराचा खटका पुढं, हात पोचणार नाही असा. पुढच्यानं उतरून सीट पाडल्याशिवाय मागच्याला बाहेर यायचा मार्गच नव्हता.

"चला शेठ," मामू म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

गाडी धरणाच्या रस्त्याला लागली. एक किलोमीटर काही नाही. दुसऱ्या किलोमीटरला ऐकू आलं...

टक... टक... टक...

उजवीकडून. शेजारच्या रिकाम्या सीटच्या काचेवरून.

काचेचं रबर सुटलं असेल, मामूंनी ठरवलं. "शेठ, जरा पळवा."

किशोरनं पळवली. सैल रबराचा आवाज वेगाबरोबर वाढतो.

हा वाढला नाही.

"हळू घ्या."

तसाच. टक... टक... टक...

"बाजूला उभी करा. इंजिन बंद करा."

किशोरनं बंद केलं. चहूकडे धुकं. वारा नाही, पाखरू नाही.

टक... टक... टक...

"काही ऐकू येतंय का, शेठ?"

"कशाचं? काहीच नाही," किशोर म्हणाला आणि त्यानं गाडी परत वळवली.

मामूंनी डोळे उघडले. शेजारच्या सीटकडे बघितलं.

मघाशी त्यांनी स्वतःच्या हातानं सोडलेला पट्टा लागलेला होता.

नुसता लागलेला नव्हता. ताणलेला होता... कोणाच्या तरी पोटावरून जावा तसा. सीट मात्र रिकामी.

काचेवर आतून वाफेचा एक डाग होता. बशीएवढा. तो लहान होत होता, मोठा होत होता.

कोणीतरी श्वास घेत होतं.

आणि मग मामूंच्या डोक्यात वीज चमकली. चूक कुठं झाली ते कळलं!

दारं उघडी टाकली होती. चहा प्यायला होता. पण पुढच्या सीटा पाडल्याच नव्हत्या. तीस वर्षं चार दारांच्या गाड्यांची सवय. इथं दार उघडं असूनही मागच्याला वाट नव्हती.

जे कोणी आत होतं, ते उतरलंच नव्हतं.

"शेठ, थांबवा!"

किशोरनं मागं बघितलं नाही.

"किशोरशेठ! गाडी थांबवा!"

तो शीळ घालत होता. ओठ दिसत होते, पण शीळ ऐकू येत नव्हती. इंजिनही ऐकू येत नव्हतं. विहिरीत बुडी मारल्यावर कान बसतात तसे मामूंचे कान बसले होते. त्यांनी पुढच्या सीटवर मुठी आपटल्या. त्याचाही आवाज नाही.

फक्त ते टक... टक... टक...

गाळाचा वास भरून आला. छाती जड झाली. मामू मला म्हणाले, "बेटा, कोरड्या गाडीत बसून मला पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं. अल्लाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तोंडात पाणी जाईल की काय याची भीती वाटली."

तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याची बाही कोणीतरी धरली.

हात लहान होता. गार होता. ओढत नव्हता. फक्त धरून बसला होता.

गाडी बंगल्यावर आली. किशोर उतरला, धाडकन दार लावलं आणि हसत बुधाकडे गेला.

मामू आतच.

पुढच्या सीटच्या खांद्यावरचा खटका त्यांनी ओढला. असे खटके त्यांनी हजार वेळा ओढले होते. हा हलेना. लाथ मारली. हलेना. काचेतून समोर दहा पावलांवर किशोर आणि बुधा बोलत उभे होते. मामू बोंबलत होते, काच बडवत होते. कोणी मान वळवेना.

ती दहा पावलं आपल्याला आता कधीच चालता येणार नाहीत असं त्यांना वाटलं. मामू रडले. हे त्यांनी मला लपवलं नाही.

आणि कणीस खात खात रोशनी आली.

तिनं काचेला नाक लावलं. आत बघितलं. मामूंकडे नाही... त्यांच्या शेजारी. आणि ती हसली.

तिनं दार उघडलं. सीटचा खटका नुसता दाबला.

सीट पडली. वारा आत आला, आवाज आले. मामू अंग चोरून पुढं घुसले. बाही मागं ताणली गेली. हात सोडत नव्हता. मामूंनी हिसका दिला, दुसऱ्या हातानं ती गार बोटं एकेक करून सोडवली आणि ते बाहेर चिखलात पडले.

"मामू, मी बसू आता?" रोशनीनं एक पाय आत टाकला. "हिच्या शेजारी?"

मामूंनी तिला कमरेला धरून मागं ओढलं. सीट पाठीमागं ढकलली.

खट्ट...

दार लावलं. दाराला पाठ लावून ते उभे राहिले. आतून काचेवर एकदाच आवाज आला.

टक.

मग काहीच नाही.

"काय मामू? पास ना?" किशोर धावत आला.

"नाही घ्यायची. चेसी वाकडी आहे." धंद्यात बोललेलं त्यांचं हे पहिलं खोटं.

किशोरचा चेहरा पडला. वाद घातला, रुसला, पण मामूंचा शब्द तो मोडणार नव्हता. जीपमध्ये बसल्यावर घुश्शातच म्हणाला, "चेसी वाकडी म्हणे! आणि तुम्ही तरी काय मामू, परतताना सगळा रस्ता तोंडातून शब्द नाही. वर माझ्या सीटला मागून गुडघे मारत होतात."

मामू किशोरच्या मागं बसलेच नव्हते.

रोशनी वाचली. गोष्ट इथं संपायला हवी होती ना? मलाही तसंच वाटलं होतं.

पण मामूंना झोप येईना. डोळा लागला की बाही ताणल्यासारखी वाटायची. शुक्रवारी नमाज पढले आणि एकटेच एसटीनं इगतपुरीला गेले. एवढंच करायचं होतं, दोन्ही सीटा पाडायच्या, दारं उघडी टाकायची आणि लांब जाऊन एक चहा प्यायचा.

शेड रिकामी होती. ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती.

"बुधा, आता तरी खरं सांग," मामू म्हणाले.

बुधा ताडपत्री उचलून उगाच झटकायला लागला. चिमणाबाईच दारातून बोलली. "सांगा की त्यास्नी. धरणात गेली व्हती ती गाडी. मालक अन् मालकीण पुढं व्हते, ते निघाले पव्हत. पोर मागं व्हती. सीट पाडाया कोनी थांबलंच नाय."

मामू रिकाम्या शेडकडे बघत ओट्यावर बसले.

"बेटा, त्या दोघांना काय नावं ठेवू?" हे सांगताना मामू मला म्हणाले. "मी पण तेच केलं. आधी मी निघालो आणि सीट लावून टाकली. तिनं मला धरलं होतं ते मारायला नाही. बाहेर न्या म्हणून धरलं होतं. आणि मी तिची बोटं सोडवली."

"गाडी कोणी नेली?" मामूंनी बुधाला विचारलं.

"परवा नेली. नाव-गाव नाय माहीत. नवरा-बायको व्हते, अन् एक बारकं पोरगं."

"पोरगं... पोरगं कुठं बसलं?"

बुधानं वेड्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

"आता पोरगं कुठं बसंल, बाबा? मागंच ना."

त्यानंतर मामूंनी गाड्या तपासणं सोडलं. अजून रोज सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. चहा घेतात आणि रस्त्याकडे बघत राहतात. दोन दारांची लाल गाडी सिग्नलला थांबली की उठतात, या वयात धावत जातात आणि मागच्या काचेतून आत बघतात. लोक शिव्या देतात. मी हात धरून परत आणतो.

गेल्या महिन्यात असेच धावले. गाडीत मागं कोणी नव्हतं, मी स्वतः बघितलं. रिकामी होती.

पण सिग्नल सुटायच्या आधी मलाही ऐकू आलं... आतून काचेवर, तीनदा.

आणि पुढं बसलेल्या दोघांनी मागं वळून बघितलं नाही.